वजनकाट्याला न दिसणारे

गेल्या कोजागिरीची गोष्ट. मंडळाच्या कार्यक्रमात केशर-वेलदोडे घातलेल्या आटीव दुधाचे पेले फिरत होते. माझ्यासमोर पेला आला तेव्हा मी "नको" म्हटले. झाले! एका वहिनींनी मला सर्वांदेखत फैलावर घेतले. "अहो भावोजी, तुम्हांला कसलं आलंय पथ्य? वाऱ्याने उडून जाल असे आहात. घ्या मुकाट्याने!" सगळे हसले. मीही हसलो, आणि दूध घेतले नाही.

कारण असे की, त्याआधी तीन आठवडे मला दवाखान्यातून एक पत्र आले होते. चाळीस ते चौऱ्याहत्तर या वयात, आधी मोठे दुखणे नसेल तर, इंग्लंडात दर पाच वर्षांनी फुकट तपासणीला बोलावतात. २००९ सालापासूनची ही सोय आहे. आपल्यातले पुष्कळ जण ते बोलावणे जाहिरातीच्या कागदांबरोबर केराच्या टोपलीत टाकतात. मीही एकदा टाकले होते. या वेळी गेलो. उंची १७१ सेंटिमीटर, वजन ६४ किलो. नर्सबाईंनी पडद्यावरची हिरवी पट्टी दाखवून "फारच छान" असे प्रशस्तिपत्रही दिले. मग रक्ताचा अहवाल आला. एचबीएवनसी या तपासणीचा माझा आकडा होता ४४. तो ४२ च्या खाली असावा. ४२ ते ४७ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि ४८ ला आपण घरात शिरलो.

शिडशिडीत माणसाच्या रक्तात ही साखर आली कुठून, या प्रश्नाने मला पछाडले. मी वैद्यकातला नव्हे. माझी डॉक्टरेट अभियांत्रिकीतली आणि पोटाचा धंदा सॉफ्टवेअरचा. पण नियंत्रणशास्त्रात एक धडा अगदी सुरुवातीला शिकवतात. भट्टीचे तापमान मोजणारे उपकरण चुकीच्या जागी बसवले असेल, तर नियंत्रक कितीही हुशार असो, तो भट्टी बिघडवणारच; आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने. गेले वर्षभर जे वाचले त्यावरून माझी खात्री झाली आहे की, आपल्या लोकांच्या बाबतीत वजनकाटा हे असेच चुकीच्या जागी बसवलेले उपकरण आहे.

या विषयाचा एक फार महत्त्वाचा भाग आपल्या पुण्यात उलगडला, हे किती जणांना ठाऊक आहे? रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले प्रा. जॉन युडकिन या दोघा मधुमेहतज्ज्ञांनी २००४ साली 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच एक फोटो छापला. दोघेही सडपातळ. उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, ज्याला बीएमआय म्हणतात, तो दोघांचा अगदी सारखा : २२.३. मग क्ष-किरणांच्या यंत्राने दोघांच्या शरीरातली चरबी मोजली. युडकिन यांची निघाली ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! काटा एकच, आकडा एकच, आणि आतला ऐवज मात्र वेगळा. लेखकांनी मिस्कीलपणे हेही नोंदवले होते की, युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्याआधी ते गाठण्यासाठीची धाव. शिवाय याज्ञिक जन्मतः कमी वजनाचे होते, ही नोंदही त्यात आहे, आणि ती महत्त्वाची आहे.

ती का महत्त्वाची, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचे जन्मवजन आणि वर्षाचे झाल्यावरचे वजन वहीत टिपून ठेवीत असत. साउदॅम्प्टनचे प्रा. डेव्हिड बार्कर यांच्या हाती या वह्या लागल्या. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातली मुले, जी आता साठीच्या पुढचे आजोबा झाली होती, शोधून काढली आणि १९९१ साली दाखवले की, जन्मतः हलक्या असलेल्यांत मधुमेहाचे प्रमाण जास्त आहे. बार्कर यांचे म्हणणे थोडक्यात असे : आईच्या पोटात अन्न कमी पडले की गर्भ काटकसर करतो. मेंदू आधी सांभाळतो. स्नायू, यकृत, स्वादुपिंड यांच्या वाट्याला उरलेसुरले येते. पुढे आयुष्यभर खाणे बेताचे राहिले तर हे खपून जाते. खाणे वाढले की मूळची कमतरता उघडी पडते.

आपल्याकडे काय चित्र आहे हे पाहायला १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू झाला. लग्न झालेल्या तरुण स्त्रियांची आधी नोंद, मग गरोदरपणातले त्यांचे खाणे, काम, रक्त यांची तपासणी, आणि पुढे त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा. ही मुले जन्मतः सरासरी २.७ किलोची होती. साउदॅम्प्टनची मुले ३.५ किलोची. पण वजनातला हा फरक सगळीकडे सारखा नव्हता. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव फार लहान, मात्र त्वचेखालची चरबी जवळजवळ शाबूत. म्हणजे बाळ किडकिडीत, आणि तरीही चरबीदार! हीच मुले अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. त्यांतली जवळपास निम्मी आरोग्यशास्त्राच्या हिशेबाने कमी वजनाची होती. आणि तरी ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांची रक्तशर्करा बिघडलेली निघाली. ही मुले खेड्यातली होती, बर्गर खाणारी नव्हती.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा वाचला.

इकडच्या आकडेवारीकडे बघू. पश्चिम लंडनमधल्या साउथॉल आणि ब्रेंट भागांतल्या लोकांची १९८८ ते १९९१ या काळात तपासणी झाली होती. त्यांचा वीस वर्षे माग ठेवल्यावर दिसले की, वयाच्या ऐंशीपर्यंत भारतीय उपखंडातल्या आणि आफ्रिकी-कॅरिबियन वंशाच्या ४० ते ५० टक्के लोकांना मधुमेह झालेला असतो. गोऱ्यांच्या निदान दुप्पट. "ते साउथॉलचे पंजाबी, लोणी-पराठ्यावर पोसलेले, आपण वरणभातवाले," असा युक्तिवाद मी एका स्नेह्यांकडून ऐकला. पुण्याच्या खेड्यांतले आकडे पाहिल्यावर तो टिकत नाही. २०२१ साली इंग्लंडातल्या साडेचौदा लाखांहून अधिक लोकांच्या दवाखान्यांतल्या नोंदी तपासून आणखी एक हिशेब मांडला गेला. गोऱ्या माणसाला बीएमआय ३० असताना मधुमेहाचा जेवढा धोका असतो, तेवढा दक्षिण आशियाई माणसाला २३.९ लाच असतो. माझ्या उंचीच्या माणसापुरते बोलायचे तर, शेजारच्या गोऱ्या गृहस्थाला ८८ किलोला जी भीती, ती आपल्याला ७० किलोला. इथल्या सरकारी मार्गदर्शनातही २०१३ पासून आपल्यासाठी २३ आणि २७.५ या वेगळ्या मर्यादा सांगितल्या आहेत. माझी हिरवी पट्टी बहुधा सर्वांसाठीची असावी. अर्थात माझा बीएमआय २१.९, म्हणजे मी दोन्ही पट्ट्यांत हिरवाच! म्हणूनच म्हणतो, उपकरण चुकीच्या जागी आहे.

आता साखर आणि म्हातारपण यांचा संबंध. तो समजून घ्यायला कोजागिरीचे दूधच घेऊ. दूध आटवताना त्याला जो बदामी रंग आणि खमंग वास येतो, तो दुधातली साखर दुधातल्या प्रथिनांना चिकटल्यामुळे. १९१२ साली मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही क्रिया वर्णन केली. भाकरीला पडणारे खरपूस डाग, भाजलेल्या पावाची तांबूस कड, सगळी तिचीच करामत. शरीराच्या ३७ अंशांवर ही क्रिया अगदी मंद चालते, पण चालते. रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते, आणि त्या पेशी साधारण चार महिने जगत असल्याने, किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज मिळतो. एचबीएवनसी म्हणजे हाच आकडा. तांबडी पेशी चार महिन्यांनी मरते, नवी येते. तिची फिकीर नाही. पण डोळ्यातल्या भिंगाची, सांध्यांभोवतालच्या आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतल्या तंतूंची प्रथिने वर्षानुवर्षे तीच असतात. त्यांना चिकटलेले सुटत नाही. भिंग गढूळ होते, रक्तवाहिन्या ताठरतात, खांदा आखडतो. वय वाढल्याने जे व्हायचे तेच सगळे. फक्त साखर जास्त असेल तर ते लवकर होते. म्हणूनच मधुमेह कितव्या वर्षी जडतो याला मोठे महत्त्व आहे. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९८५ पासून चाललेल्या व्हाइटहॉल अभ्यासात २०२१ साली असे दिसले की, ज्यांना साठीच्या आत मधुमेह झाला त्यांना सत्तरीनंतर स्मृतिभ्रंशाचा धोका दुपटीहून अधिक होता. आणि आपल्या लोकांना तो गोऱ्यांपेक्षा लवकर गाठतो.

मग साखर जाते कुठे आणि अडते कुठे? जेवणानंतर रक्तात आलेली बहुतांश साखर इन्सुलिनच्या मदतीने स्नायू उचलतात. स्नायू म्हणजे घरातला पाण्याचा मोठा पिंप. पिंप मोठा असेल आणि रोज उपसला जात असेल, तर नळाला कितीही पाणी येवो, वाहून जाणार नाही. आपला पिंप मुळातच लहान, आणि दिवसभर संगणकापुढे बसल्याने तो उपसलाही जात नाही! जादा साखरेची यकृत चरबी करते. त्वचेखालची कोठारे भरली की ती चरबी यकृतातच साठू लागते. असे यकृत इन्सुलिनचे ऐकेनासे होते आणि रात्रभर, आपण उपाशी असतानाही, रक्तात साखर सोडत राहते. त्यातली काही चरबी स्वादुपिंडात जाऊन बसते आणि इन्सुलिन करणाऱ्या पेशी मंदावतात. हे दुहेरी दुष्टचक्र न्यूकॅसलच्या प्रा. रॉय टेलर यांनी २००८ साली मांडले. त्यांचे म्हणणे, प्रत्येकाच्या कोठाराची मर्यादा वेगळी असते. कुणाची शंभर किलोला भरते, कुणाची साठलाच.

टेलर यांचे नाव बहुतेकांनी ऐकले असेल ते २०१७ च्या प्रयोगामुळे. काही महिने अगदी कमी उष्मांकाचे खाणे देऊन वजन उतरवले, आणि वर्षाअखेर ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधाविना माघारी गेला. पण ते लोक चांगले वजनदार होते. माझे कुतूहल त्यांच्या २०२३ च्या छोट्या अभ्यासाबद्दल जास्त आहे. त्यात वीस मधुमेही होते आणि त्यांचा सरासरी बीएमआय अवघा २४.८, म्हणजे दिसायला कुणीही जाडे नव्हते. टप्प्याटप्प्याने थोडे वजन उतरवल्यावर वीसपैकी चौदा जणांचा मधुमेह माघारी गेला. यकृतातली चरबी ४.१ टक्क्यांवरून १.४ वर आली. वीस माणसांवरून जगाचे नियम ठरत नाहीत हे मान्य. तरीही 'बारीक माणसाला चरबीचा काय त्रास' या समजुतीला त्याने चांगला धक्का दिला आहे. (इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी मात्र असले प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत; साखर एकदम खाली गेली तर प्रसंग ओढवतो.)

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, चला, आणखी बारीक होऊ या. थांबा. इथेच खरी मेख आहे, आणि ती मला माझ्या वडिलांमुळे कळली.

बाबा आयुष्यभर शिडशिडीत. शाळामास्तर, सायकलवर फिरणारे, सकाळी पर्वती चढणारे. बावन्नाव्या वर्षी मधुमेह निघाला तेव्हा नातेवाइकांचा विश्वासच बसेना. त्यांनी शिस्तीत साखर सोडली, भात अर्धा केला, रात्रीचे जेवण जवळजवळ बंद केले. जे सोडायचे ते सगळे सोडले. त्याच्या जागी काय घ्यायचे हे त्यांना कुणी सांगितले नाही. वर्षागणिक वजन उतरत गेले आणि आम्ही "किती छान ताब्यात ठेवलंय" म्हणत राहिलो. एकाहत्तराव्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. पर्वती चढणारा माणूस आता घराच्या तीन पायऱ्यांपाशी थबकतो. उतरलेल्या वजनात चरबी किती होती आणि मांड्यांचे मांस किती, हे काट्याने आम्हांला कधीच सांगितले नाही. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी इथे साधारण चारातला एक जण वर्षभरात दगावतो. म्हणजे बाबा त्या मानाने सुदैवी.

योगायोगाने खुब्याच्या हाडाबद्दलचे एक मोठे काम आपल्या लीड्सचेच आहे. लीड्स विद्यापीठाच्या आहार-संशोधकांनी १९९५ ते १९९८ या काळात ब्रिटनभरच्या सुमारे ३५ हजार स्त्रियांकडून त्या काय खातात याची सविस्तर प्रश्नावली भरून घेतली. त्यांतल्या २६ हजारांवर स्त्रियांचा सुमारे वीस वर्षांचा हिशेब २०२२ साली प्रसिद्ध झाला. एकूण ८२२ जणींचे खुबे मोडले होते, आणि नेहमी मांस खाणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारी स्त्रियांत हा धोका ३३ टक्क्यांनी जास्त होता. पुढल्या वर्षी याच गटाने स्त्री-पुरुष दोघांवरचा आणखी मोठा अभ्यास मांडला, त्यातही शाकाहाऱ्यांचा धोका जास्तच आला. वृत्तपत्रांनी अर्थातच 'शाकाहार घातक' अशी बोंब ठोकली. संशोधकांचे म्हणणे तसे नव्हते. शाकाहारी स्त्रिया सरासरीने सडपातळ होत्या. सडपातळ असण्यात हाडांचा आणि स्नायूंचा बेताचा साठा आलाच, आणि पडल्यावर वाचवणारी गादीही कमी. शाकाहाराचे हृदयाला फायदे आहेत ते आहेतच. सांगायचे इतकेच की, शाकाहार नीट जुळवावा लागतो. त्या बहुतेक गोऱ्या स्त्रिया होत्या, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्याला लावता येणार नाही. पण ज्यांचे स्नायू जन्मापासून बेताचे, त्यांनी याकडे काणाडोळा करणे मला परवडणारे वाटत नाही.

म्हणजे आपल्यापुढचे गणित दुहेरी आहे : पोटातली चरबी कमी आणि मांडीतले मांस जास्त. दोन्ही एकाच वेळी जमले तर वजन तसेच राहील, आणि काटा म्हणेल काहीच झाले नाही. मद्रासमध्ये डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असेच घडले. खाण्यात आणि चालण्यात सुधारणा केलेल्यांत तीन वर्षांत मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. वजन मात्र लक्षात येण्याइतके उतरले नव्हते.

आता ताटाकडे येऊ. पत्र आल्यावर मी आठवडाभर स्वयंपाकघरातला तराजू घेऊन बसलो. (सौ.चे यावरचे मत छापण्याजोगे नाही.) सकाळी पोहे किंवा टोस्ट, दुपारी कचेरीत सँडविच, चारला चहा-बिस्किटे, रात्री दोन पोळ्या, भाजी, आमटी-भात. प्रथिने भरली रोजची चाळीस ग्रॅमच्या आसपास. ब्रिटिश हिशेबाने किलोमागे पाऊण ग्रॅम म्हणजे मला निदान ४८ हवीत. आणि साठीच्या पुढच्यांना एक ते सव्वा ग्रॅम लागते असे अनेक तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हिशेब वेगळा, तो डॉक्टरांनी करायचा. पातळ आमटीला आपण प्रथिनांचे खाते समजतो, पण वाटीभर आमटीत डाळ असते किती? घट्ट वरणाच्या किंवा उसळीच्या वाटीत सहा-आठ ग्रॅम प्रथिने, एका अंड्यात सहा-सात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा-वीस, इथल्या घट्ट ग्रीक दह्याच्या तेवढ्याच वजनात नऊ-दहा. साबुदाण्यात जवळजवळ शून्य! एकादशीच्या खिचडीतले दाण्याचे कूटच काय ती लाज राखते.

आपल्या जुन्या ताटात दोष नव्हता, प्रमाण बिघडले. उजवीकडची उसळ चमच्याने वाढायची, डावीकडची कोशिंबीर बोटभर, आणि मध्ये भाताची मूद. तीही दोनदा, आधी वरणाशी, शेवटी ताकाशी. नांगर धरणाऱ्याला हे शोभत होते. आमच्याकडे आता उसळ आणि कोशिंबीर वाटीने घेतात आणि आधी खातात, भात मुदीपुरता, एकदाच. भाज्या आणि प्रथिने आधी पोटात गेली तर मागून येणारी साखर हळू चढते, हे प्रयोगांनी दाखवले आहे. मटकी हॅरहिल्सच्या दुकानांत मिळते. मासे खाणाऱ्यांनी कर्कगेट बाजारातल्या मासळीवाल्यांकडचा मॅकरेल घ्यावा. आपल्या बांगड्याचा हा विलायती चुलतभाऊ; सामन माशाहून स्वस्त, आणि त्यात प्रथिनांबरोबर ड आणि बी-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वे असतात. तिरफळ मात्र देशातून आणावे लागते.

या दोन जीवनसत्त्वांबद्दल थोडे जास्त बोलले पाहिजे. पुण्याच्या त्या खेड्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ कमी होते. २००८ साली असेही दिसले की, ज्या आयांचे फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला सर्वांत जास्त विरोध होता. बी-१२ वनस्पतींत नसते. शाकाहाऱ्याला ते दूध-दह्यातूनच मिळणार, आणि दूध पुनःपुन्हा उकळण्याच्या आपल्या सवयीने त्यातले काही वाया जाते. त्यात मधुमेहाची सर्वांत प्रचलित गोळी मेटफॉर्मिन, तीही बी-१२ कमी करते. मग पायांना मुंग्या येतात आणि सगळे म्हणतात, मधुमेहाने नसा गेल्या! कदाचित मधुमेहाने असतील, कदाचित बी-१२ अभावी असतील. दुसरे कारण असेल तर ते औषधाने सुधारते. बाबांचे बी-१२ पहिल्यांदा तपासले गेले ते खुबा मोडल्यानंतर. ड जीवनसत्त्वाचे तर विचारूच नका. ऑक्टोबर ते मार्च लीड्सच्या उन्हात ते करण्याची ताकदच नसते. सरकारी सल्ला आहे रोज १० मायक्रोग्रॅमचा, आणि सावळ्या कातडीच्यांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा असा. गोळी पेनी-दोन पेनीला पडते.

'दोनदाच जेवा' या पद्धतीबद्दल मला मंडळात हटकून विचारतात. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर नेलेली ही योजना कित्येकांना लागू पडलेली मी पाहिली आहे. माझ्या मते तिचा मोठा गुण म्हणजे मधल्या वेळचा चिवडा, बिस्किटे आणि गोड चहा एका फटक्यात बंद होतो. चाळिशीतल्या पोट सुटलेल्या गृहस्थाला उत्तम. पण पंचाहत्तरीच्या, आधीच वाळलेल्या आजींना दोन जेवणांत पुरेशी प्रथिने पोटात घालणे जमत नाही. बाबांच्या बाबतीत नेमके हेच झाले.

आणि खाल्लेली प्रथिने मांडीत जायची तर मांडीला काम हवे. नुसते चालणे पुरत नाही. राउंडहे पार्कच्या तळ्याभोवतीची फेरी हृदयाला चांगली, पण स्नायू वाढतो तो भार उचलल्याने. आपल्या आया-आज्या दिवसातून वीस वेळा जमिनीवरून उठत होत्या : पंगतीतून, देवापुढून, विळीवरून. इथे सगळे सोफ्याच्या उंचीवर आले आणि तो व्यायाम गेला. स्वतःला तपासायचे असेल तर हात छातीशी दुमडून साध्या खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येते ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला १४ हून कमी, स्त्रीला १२ हून कमी जमले, तर पाय वयाच्या मानाने कच्चे. मी जिमला जात नाही; पाठपिशवीत पाच-पाच किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या घालून जिना चढतो. भाताचा एवढाच उपयोग आता उरला, असे घरी म्हणतात.

वजनकाट्याऐवजी मी शिंप्याची टेप ठेवली आहे. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, असे इथले मार्गदर्शन २०२२ पासून सांगते. माझी ९१ सेंटिमीटर होती, हवी होती ८५. सदऱ्यात ती कुणाला दिसत नव्हती, वहिनींनाही नाही. सहा महिन्यांत ८६ वर आली. वजन ६४ चे ६३ झाले, एचबीएवनसी ४४ चे ४१. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. आपल्यापैकी कुणाच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना मधुमेह असेल, तर काटा काय म्हणतो याची वाट न पाहता दवाखान्यात फोन करून ही तपासणी मागावी. उंबरठ्यावर निघालात तर २०१६ पासून चालू असलेला एनएचएसचा मधुमेह टाळण्याचा नऊ महिन्यांचा वर्ग फुकट मिळतो. त्यांच्या तक्त्यात पोहे आणि पोळी शोधू नका, तेवढे आपले आपण बसवावे लागते.

बाबांनाही फिजिओथेरपिस्टला विचारून खुर्चीचा व्यायाम लावून दिला आहे, सोबत सकाळी एक अंडे आणि दुपारी घट्ट वरण. सुरुवातीला तीस सेकंदांत चार वेळा उठत होते. परवाच्या रविवारी फोनवर कळले, नऊ झाले. मोजायला आई बसते, आणि हात टेकून उठलेले ती धरत नाही.